अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेताय? कॅलिबर असं निवडा

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी ऑस्टिनला गेला. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, फराळ पोचला, चकल्या मोडल्या नाहीत वगैरे बोलून झालं आणि मग हळूच म्हणाला, मावशी, ऑफिसातले लोक डिअर सीझनला जातायत, मलाही बोलावलंय, रायफल कुठली घेऊ? एक जण म्हणतो .३०८ घे, दुसरा म्हणतो ६.५ क्रीडमूर सोडून दुसरं काही बघूच नको, तिसरा म्हणतो मोठीच घे एकदाची, परत घ्यायला नको. (हे आकडे म्हणजे कॅलिबर, ढोबळमानाने गोळीची जाडी, पुढे नीट सांगते.) त्याला तासभर समजावलं, मग त्याच्या दोन मित्रांनी विचारलं, मग आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली एक मुलगी डेन्व्हरला चाललीय तिने विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

मी कॉलेजात एनसीसीत .२२ वर हात बसवला, पुढे काही वर्षं वरळीच्या रेंजवर जात होते, आणि लग्नानंतर मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं सॅन अँटोनियोला होतो, तिथे सात सीझन शिकार केली. ग्रीन कार्ड होतं त्यामुळे कागदांचा त्रास झाला नाही, पण तुम्हाला होऊ शकतो, त्यावर खाली येतेच.

आधी एक गोष्ट अगदी स्पष्ट. हे सगळं तिथलं आहे, इथलं नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर जी थोडी लायसनवरची शिकार उरली होती तीही बंद झाली. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जे चितळ दिसतं ते बिबट्याचं खाणं आहे, आपलं नाही, आणि ते तसंच राहायला हवं असं मला मनापासून वाटतं. गंमत बघा, हेच चितळ १९३२ च्या सुमारास टेक्ससमध्ये नेऊन सोडलं, तिथे त्याला अॅक्सिस म्हणतात, ते इतकं वाढलं की आता बाहेरून आलेला प्राणी म्हणून त्याला तिथे बंद सीझनच नाही, हंटिंग लायसन आणि जमीनमालकाची परवानगी असली की वर्षभर चालतं. एकच प्राणी, पण इथे त्याला हात लावणं गुन्हा आणि तिथे तो जास्त झालाय म्हणून लोक कमी करतात. हे डोक्यात नीट वेगळं ठेवा.

पायरी १: कागद आधी, दुकान नंतर

हे बहुतेक आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळातच बंदी आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा हा, की कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन तुमच्याकडे पाहिजे. म्हणजे लायसन आधी, रायफल मग. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही हं, मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी ती बाळगल्यात धरली जाऊ शकते, म्हणून "मी फक्त एक बार काढून बघतो" हेसुद्धा लायसन मिळेपर्यंत नको. लायसनची मुदत संपली की अपवादही संपला, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागत नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात, आणि तिथे खोटं लिहिलं तर व्हिसाच काय, पुढचं सगळंच धोक्यात येतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, ती फी वाचवू नका.

लायसनसाठी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो आहे. कोर्स मन लावून करा, उरकून टाकायचा म्हणून करू नका.

पायरी २: तुमचं राज्य काय म्हणतं

इथेच अर्धी यादी गळून जाते, म्हणून हे कॅलिबरच्या आधी. प्रत्येक राज्याचं वेगळं. टेक्ससमध्ये व्हाइटटेल (तिथलं नेहमीचं हरिण) मारायला सेंटरफायर रायफल पाहिजे, म्हणजे जिच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध ठोका बसतो ती; .२२ सारखी रिमफायर, म्हणजे कडेला ठोका बसणारी, चालत नाही, पण त्याच्या वर किती मोठी असा आकडा नाही. व्हर्जिनियात .२३ पेक्षा लहान चालत नाही, म्हणजे .२२३ बाद. कोलोरॅडोत निदान .२४ पाहिजे, बुलेट फुलणारी (लागल्यावर पसरणारी) पाहिजे, हरणाला निदान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड जोर उरला पाहिजे. डेन्व्हरवाल्या मुलीसाठी हे खास लिहिलं. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर आपोआप पुढचं काडतूस भरणारी) चालत नाही, बोल्ट किंवा लीव्हर असं हाताने चालवायचंच पाहिजे. ओहायोमध्ये तर सरळ भिंतीच्या केसची (केस म्हणजे काडतुसाचं नळकांडं, इथे तोंडाशी निमुळतं न होणारं) काडतुसंच चालतात, .३५७ ते .५० मधली, म्हणजे .३०८ वगैरे तिथे हरणाला नाहीच. आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथे हरणाला असली रायफलच चालत नाही, शॉटगन नाहीतर ठासणीची बंदूक. एडिसनला राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी हे न बघता रायफल घेऊन ठेवलेली मी पाहिलीय. इंग्लंडला असाल तर मोठ्या हरणांना .२४० पेक्षा लहान नाही आणि नळीतून निघताना १७०० फूट-पाउंडांपेक्षा कमी नाही, असा नियम आहे.

नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं त्या वर्षीचं पुस्तक बघा, माझं वाचून थांबू नका.

पायरी ३: हे आकडे म्हणजे नक्की काय

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. .३०८ म्हणजे इंचाचे एक हजार भाग केले तर त्यातले ३०८, मिलिमीटरमध्ये पावणेआठच्या आसपास. .२४३ म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. ६.५ वाल्याची गोळी .२६४ इंच. पण नावांवर फार जाऊ नका, .२७० विंचेस्टरची गोळी खरं तर .२७७ आहे, आणि .३०-०६ मधला ०६ हा मापाचा नाहीच, ते काडतूस अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये घेतलं म्हणून तो आकडा. .३०-३० मधला दुसरा तीस हा जुन्या हिशोबाने दारूचं वजन.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि इथे नवीन माणूस गोंधळतो, पण आपल्याला हे माप घरचं आहे. जुना खरा तोळा, हल्ली सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे, बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी एक तोळा, आणि .३०८ ची १५० ग्रेनची म्हणजे दहा मासे. आजीच्या वेळचा हिशोब आठवला की बॉक्सवरचा आकडा हातात वजनासारखा जाणवतो, मला तरी तसंच कळलं.

आणि नाती समजून घ्या, मग दुकानातली भिंत एकदम सोपी होते. .३०८ विंचेस्टर १९५२ चं. त्याचीच केस घेऊन तोंड अरुंद केलं की १९५५ चं .२४३, आणि सात मिलिमीटरची गोळी बसवली की १९८० चं ७ एमएम-०८. ही तिघं सख्खी भावंडं. तिकडे .३०-०६ च्या घरातून .२७० आलं १९२५ मध्ये, आणि .२५-०६. या घरची काडतुसं लांब, म्हणून रायफलीचा बोल्टही लांब, रायफल थोडी जड. ६.५ क्रीडमूर हे २००७ चं, मुळात टार्गेटवाल्यांसाठी केलेलं, मग शिकारवाल्यांनी उचललं.

पायरी ४: हरिण केवढं आणि किती लांब

कॅलिबर विचारणाऱ्याला मी पहिलं हेच विचारते आणि उत्तर बहुतेकांकडे नसतं. टेक्ससच्या हिल कंट्रीतली व्हाइटटेल मादी शंभर पाउंडांच्या आतबाहेर, म्हणजे ४५ किलो. वर मिशिगन-विस्कॉन्सिनकडे नर दीडशे-दोनशे पाउंडांचे, थंड मुलखातला प्राणी अंगाने मोठा असतो. नीलगाय सोडा, ती दक्षिण टेक्ससमध्ये आहे पण तिचं कातडं आणि हाड वेगळंच, पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

कुठलंही व्हाइटटेल घ्या, गोळी लागायची जागा तेवढीच: पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या अर्ध्यात, फुप्फुस आणि काळीज. आठ इंचांचं वर्तुळ, म्हणजे घरची एक पोळी. तुमचं काम एवढंच की त्या पोळीत गोळी पडली पाहिजे, प्रत्येक वेळी, धाप लागलेली असताना, थंडीत बोटं बधीर असताना.

आता लांबी. यार्ड म्हटलं की लोक घाबरतात, पण शिवाजी पार्कात वाढलेल्या माणसाला यार्ड काय सांगायचे, पिच २२ यार्डांचं. १०० यार्ड म्हणजे साडेचार पिचेस. झाडीतली बरीचशी हरणं याच्या आतच पडतात. २०० यार्ड म्हणजे नऊ पिचेस. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर, बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर, म्हणजे अख्खी लोकल आणि वर एक डबा. दादरला प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या हातातली पोळी बघा, आणि मग ठरवा ३०० यार्डांवरून बार काढायचा का. पहिली दोन वर्षं माझी स्वतःची हद्द मी १५० ठेवली होती आणि तीच मी सगळ्यांना सांगते.

एवढ्या अंतरात कॅलिबरमध्ये फार फरकच पडत नाही हो! .३०८ ला १०० यार्डांवर झिरो केलं (नेमाची दुर्बीण अशी जुळवली की तिथे गोळी नेमलेल्या जागीच लागते) तर २०० वर गोळी साधारण चार इंच खाली जाते, पोळीच्या मधोमध धरलंत तर कडेला का होईना लागते. ३०० वर मात्र सव्वा फुटाच्या आसपास, तिथे न शिकता गोळी टाकणं म्हणजे त्या जिवावर अन्याय. जुनं .३०-३० दोनशेवरच साडेसात-आठ इंच खाली, त्यामुळे ते झाडीतलं हत्यार. .२७० सपाट जातं, म्हणून ते मोकळ्या माळावर आवडतं.

पायरी ५: धक्का, आणि माझी पहिली मादी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

पहिली रायफल घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) हातात दिली. म्हणाला, हिने सगळंच पडतं, परत दुसरी घ्यावी लागणार नाही. मी .२२ वर चांगला नेम मारत होते, मला वाटलं नेम तो नेम, त्यात काय. रेंजवर बारा बार काढले, खांदा निळा झाला, आणि तेराव्याला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले, ते मला कळलंसुद्धा नाही. बरोबर शेजारचे एक आजोबा असायचे, आयुष्यभर शिकार केलेले, ते म्हणाले ही रायफल तुझ्यासाठी नाही. मी ऐकलं नाही.

नोव्हेंबरातली संध्याकाळ, ८० यार्डांवर मादी, चार पिचसुद्धा नाहीत. मी डोळे मिटले. गोळी मागे गेली, पोटात. आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन चार तास रक्ताचा माग काढला, मग तो तुटला. सकाळी सापडली, अर्धी कोयोटींनी (तिथले कोल्ह्यासारखे प्राणी) खाल्लेली. तिला किती वेळ लागला असेल मरायला, हा विचार अजून येतो. .३०० मध्ये जोर कमी पडला नव्हता, जोर उलट गरजेच्या दुप्पट होता. ज्या हातात होती त्या हाताला ती झेपत नव्हती.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: राज्याच्या नियमात बसणाऱ्या कॅलिबरांपैकी जे तुम्ही डोळे उघडे ठेवून वीस वेळा मारू शकता ते तुमचं कॅलिबर. हरणाच्या बाबतीत पोळीत पडलेली .२४३ ही कडेला पडलेल्या .३०० पेक्षा कितीतरी दयाळू आहे.

अंदाज येण्यासाठी, साधारण साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का ९ फूट-पाउंडांच्या आसपास, .३०-३० चा ११, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ चा १२-१३, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा १८ ते २०, आणि .३०० विन मॅगचा २५ च्या वर. नवीन माणसाने १५ च्या आत राहावं असं माझं मत. रायफल जितकी हलकी तितकी लाथ जोरात, म्हणून डोंगर चढायचा नसेल तर ती सहा पाउंडांची सुंदर हलकी रायफल घेऊ नका.

निम्मी भीती आवाजाची असते. कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घाला, बघा लाथ कमी वाटते की नाही. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा) लावला की धक्का कमी होतो पण आवाज भयंकर वाढतो, शेजारी बसलेल्याला त्रास, मला ते आवडत नाही.

आणि दस्त्याची लांबी! हे कोणी बघत नाही. तिथल्या साध्या रायफलीचा दस्ता चापापासून साडेतेरा-पावणेचौदा इंच असतो, सहा फुटी माणसाच्या मापाचा. मी पाच फूट एक इंच. लांब दस्ता असला की मान पुढे ताणावी लागते, खांद्यात नीट बसत नाही, स्कोप (नेमाची दुर्बीण) भुवईवर आपटतो. कॉम्पॅक्ट किंवा युथ मॉडेल साडेबाराच्या आसपास मिळतात, लाज वाटून घेऊ नका, आपल्याकडच्या बऱ्याच मुलींना आणि मुलांनाही तेच बसतं.

डोळे मिटतायत का हे तपासायची एक युक्ती: मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि मधेच एखादं खोटं काडतूस, तिथे स्नॅप कॅप म्हणतात, घालायला सांगा, कुठे घातलंय ते तुम्हाला सांगायचं नाही. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळी खाली झुकली तर समजा तुम्ही धक्क्याची वाट बघत होतात. मी ती मोठी रायफल विकली, ७ एमएम-०८ घेतली, आणि ही कसरत महिनाभर दर शनिवारी केली तेव्हा कुठे नळी हलायची थांबली.

पायरी ६: आता नावं

.२४३ विंचेस्टर. ९५-१०० ग्रेनची गोळी, धक्का अगदी कमी. लहान चणीच्या माणसाला, टेक्ससच्या लहान हरणांना आणि चितळाला छान. पण जागा सोडून लागली तर माफ करत नाही, म्हणून खांद्याच्या हाडावर तिरका बार काढायचा नाही, आडव्या उभ्या हरणावरच.

७ एमएम-०८. माझी आवडती, हे लपवणार नाही. १४० ग्रेन, धक्का सोसवणारा, हरणाला भरपूर. तक्रार एकच, लहान गावातल्या दुकानात काडतुसं कधीकधी मिळत नाहीत.

६.५ क्रीडमूर. १२९ ते १४३ ग्रेन, धक्का तितकाच, रायफली ढिगाने, काडतुसं सगळीकडे. लांबवर वारा कापते म्हणून नाव झालं, पण तुम्हाला दीडशे यार्डांत त्याचा उपयोग नाही, उपयोग आहे तो सौम्य धक्क्याचा. फक्त ही घेतली म्हणून पाचशे यार्डांवर मारता येईल असं मनात आणू नका.

.३०८. काडतुसं मिळायला सगळ्यात सोपी, गोळ्यांचे प्रकार सगळ्यात जास्त. अंगाने मजबूत असाल, धक्का झेपत असेल, तर डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवूनच घ्या. कमी धक्क्याचे लोड पण मिळतात याचे, ते सुरुवातीला वापरा.

.३०-०६ आणि .२७० दोन्ही उत्तम, शंभर वर्षं हरणं पाडतायत, पण पुढे एल्कला (बरंच मोठं हरिण) जायचं असेल तर .३०-०६ ला अर्थ, नुसत्या व्हाइटटेलला .३०८ च्या वर काही लागत नाही.

.३०-३० लीव्हरवाली, १८९५ पासूनची, झाडीत शंभर यार्डांच्या आत अजूनही छान. कोणाच्या आजोबांची मिळाली तर जरूर वापरा.

ओहायोसारख्या राज्यात असाल तर .३५० लेजंड, २०१९ चं, सरळ भिंतीचं, धक्का कमी, दीडशे यार्डांपर्यंत पुरे. .४५० बुशमास्टर पण बसतं त्या नियमात, पण लाथ मोठी.

.२२३ काही राज्यांत चालते. मी नवीन माणसाला नको सांगते. चुकीला जागाच नाही तिच्यात.

पायरी ७: कॅलिबरपेक्षा गोळी

.३०८ च्या दोन बॉक्समध्ये जेवढा फरक असतो तेवढा .३०८ आणि .२७० मध्ये नसतो. फुलणारी गोळी घ्यायची, सॉफ्ट पॉइंट म्हणून लिहिलेलं असतं. फुल मेटल जॅकेट, तो स्वस्त लष्करी प्रकार, शिकारीला नाही, आरपार बारीक भोक पाडून जातो आणि हरिण कोसभर पळून मरतं, बऱ्याच राज्यांत बंदीच आहे. हरणाला साधा सॉफ्ट पॉइंट पुरतो, महागडा बॉन्डेड (आतलं शिसं आणि वरचं कवच घट्ट जोडलेला) लागत नाही, अपवाद .२४३ चा, तिथे जरा कणखर गोळी घ्या, जवळच्या बारात फुटून जायला नको. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं नसलेलीच गोळी लागते, म्हणजे तांब्याची. मी टेक्ससमध्येही शेवटची तीन वर्षं तांब्याचीच वापरली, कारण मटण घरात मुलं खाणार, आणि शिशाचे बारीक कण मांसात लांबपर्यंत जातात. तांबं हलकं असतं, म्हणून त्याच कॅलिबरमध्ये एक पायरी कमी वजनाची घ्या, .३०८ ला १५० चालेल, १८० नको.

(चितळाचं मटण कुठल्याही व्हाइटटेलपेक्षा गोड. चरबी नाही त्यामुळे मालवणी मसाल्यात कुकरला मंद आचेवर, आणि वरून नारळाचं वाटण. असो.)

पायरी ८: विकत घेताना

बोल्ट अॅक्शनच घ्या पहिली, साधी, सुरक्षित, स्वस्तातलीही चांगला नेम देते. दुकानात जायच्या आधी तुमच्या गावातल्या दोन-तीन दुकानांच्या शेल्फवर कुठली काडतुसं पडलेली असतात ते बघून या, सीझनच्या आदल्या आठवड्यात जे शिल्लक असतं तेच खरं सोयीचं कॅलिबर. पैसे सगळे रायफलीवर घालू नका, थोडे स्कोपला आणि बरेचसे काडतुसांना ठेवा. २० चा बॉक्स असतो, निदान पाच बॉक्स पहिल्या सीझनच्या आधी संपले पाहिजेत, आणि शिकारीचा जो बॉक्स आहे त्याच लॉट नंबरचे दोन-तीन एकदम घ्या.

रोजच्या सरावाला .२२ घ्या, तीच अंगवळणी पाडते. आणि निघायच्या आधी मुंबईतच सुरुवात होऊ शकते. .१७७ ची एअर रायफल २० जूलपर्यंत असेल तर आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. अंजली भागवत यांनी दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून सुरुवात केली आणि सिडनीला ऑलिंपिकच्या फायनलला गेल्या, कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत नोकरी करून २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला. श्वास अर्धा सोडून चाप हळू ओढायचा हे दहा मीटरवर सहा महिने शिकलात तर तिथे जाऊन फक्त धक्क्याची सवय करायची उरते.

पायरी ९: झिरो आणि नोंद

आधी २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० वर जा. तीन-तीन बारांचे गट, नळी मधे थंड होऊ द्या. बाकावरून पोळीएवढ्यात काय कोणीही मारेल, म्हणून झिरो झालं की बाक सोडा: बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, हातमोजे आणि जाड जाकीट घालून. जाकिटामुळे दस्ता इंचभर लांब होतो, ते आधी कळलेलं बरं. ज्या अंतरावर दहातले नऊ पोळीत पडत नाहीत ते अंतर तुमचं नाही, कॅलिबर काहीही असो.

आणि काडतुसं एकमेकांत मिसळू देऊ नका, यात मी फार कडक आहे. नळीवर कोरलेलं नाव आणि बॉक्सवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसतं आणि उडवलं तर रायफल हातात फुटते, असं झालेलं आहे. दोघं एका गाडीतून जात असाल तर काडतुसं वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि रेंजवर टेबलावर एका वेळी एकच बॉक्स.

झिरो झाल्यावर दस्त्यावर पांढरी पट्टी चिकटवा आणि त्यावर लिहा: कुठली गोळी, किती ग्रेन, १०० ला किती वर, १५० ला किती, २०० ला किती खाली, तारीख. भाच्याने ७ एमएम-०८ घेतली, कॉम्पॅक्ट दस्त्याची, त्याच्या पट्टीवर २०० च्या पुढचं काही लिहिलेलंच नाही, कारण मी लिहू दिलं नाही.